देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि घरातला

मागच्या श्रावणात एका सकाळी आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाहीसा झाला. जेमतेम दोन बोटं उंचीचा, पितळेचा, रांगता, हातात लोण्याचा गोळा धरलेला. लग्नात अन्नपूर्णेबरोबर माहेरून माझ्यासोबत आलेला. देव्हारा पुसून पाहिला, चौरंगाखाली हात घातला, निर्माल्याची परडी उलटी केली. अर्ध्या तासाने सुनेला तो न्हाणीघरात सापडला. टूथब्रशच्या मगात गळ्यापर्यंत बुडालेला, वर शांपूचा फेस. शेजारी आमचा बावीस महिन्यांचा नातू ओल्या चड्डीत उभा होता. आम्हाला पाहून तो घाबरला नाही की पळाला नाही. मगाकडे बोट दाखवून म्हणाला, “बाळ अंघो.”

शांपूची अर्धी बाटली संपली होती, फरशी निसरडी झाली होती, पूजा खोळंबली होती. पण त्या दोन शब्दांत सगळा उलगडा होता. रोज सकाळी माझ्या मांडीला टेकून तो पाहत असे. आजी या बाळाला ताम्हणात घेते, पळीने पाणी घालते, मऊ फडक्याने पुसते. त्यानेही तेच केलं होतं, आणि त्याच्या परीने अगदी मनापासून केलं होतं.

नाशिकमध्ये तीस वर्षं मी शिशुवर्गातली मुलं सांभाळली, आता नातवंडं सांभाळते. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की समजली आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाची बहुतेक खोडी म्हणजे भलत्या जागी, भलत्या वस्तूवर चाललेलं त्याचं काम असतं. त्या कामाला योग्य जागा काढून दिली की खोडी आपोआप कमी होते. आणि जिथे थांबवायलाच हवं, तिथला आपला ‘नाही’ मुलाला ऐकू येऊ लागतो. हे रोजच्या धबडग्यात कसं जमवायचं, ते या लेखात सांगते आहे.

या वयाला काय येतं, काय येत नाही

दोन वर्षांच्या सुमारास मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असतात आणि “आई ये”, “दूध नको” अशी दोन शब्दांची वाक्यं असतात. त्याच्या मनात मात्र शंभर गोष्टी उसळत असतात. शब्दांत न मावलेलं सगळं तो हातापायांनी सांगतो. ओढतो, फेकतो, चावतो, लोळण घेतो.

“त्याला सगळं कळतं, तरी मुद्दाम करतो,” ही तक्रार मी हजारदा ऐकली असेल. कळतं हे खरंच आहे. पण कळणं वेगळं आणि ऐन वेळी स्वतःचा हात मागे घेता येणं वेगळं. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला विशी उलटावी लागते. दोन वर्षांचं मूल “नको नको” असं स्वतःच म्हणत प्लगच्या भोकाकडे बोट नेतं ते याचमुळे. ते तुमची चेष्टा करत नसतं. त्याला आठवलेलं असतं, पण हात थांबत नाही.

आणखी एक गोष्ट. या वयातली पुनरावृत्ती हा अभ्यास असतो. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांचं तान्हेपणापासून बारकाईने निरीक्षण केलं. मूल वस्तू कधी उंचावरून सोडतं, कधी खालून, कधी हात लांब करून, आणि दर वेळी काय होतं ते पाहतं, हे त्याने नोंदवून ठेवलं. तुमच्या मुलाने जेवताना सातव्यांदा चमचा खाली टाकला, तर तो सातवा प्रयोग आहे. वाटी आणि चमच्याचा आवाज वेगळा येतो का, आणि दर वेळी आईच वाकते का, ही दोन्ही उत्तरं त्याला हवी असतात.

आपल्या परंपरेला हे कळत होतं. ज्या देवाची आपण रांगत्या रूपात पूजा करतो, त्याच्या गौळणी तक्रारींनी भरलेल्या आहेत. शिंकं फोडलं, दही सांडलं, वासरं सोडली. तरी त्या तक्रारींतून माया पाझरते. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला जी सवलत आपण देतो, ती थोडी घरातल्यालाही द्यायला हवी.

तीनच ‘नाही’ ठेवा

एक दिवस एवढंच करा. सकाळी डबे करताना किती वेळा “नको”, “अंहं”, “ठेव ते”, “हात नको लावू” म्हणता, ते मोजा. मी एकदा एका घरी ओट्याशेजारी बसून मोजलं होतं. पोळ्या होईपर्यंत आकडा पंचविसाच्या पुढे गेला. इतक्यांदा ऐकलेल्या शब्दाला मुलाच्या लेखी काय किंमत उरणार? मिक्सरच्या आवाजासारखा तोही घरातला एक आवाज होऊन जातो. मग मूल खरोखर गॅसकडे गेलं की आपल्याला किंचाळावं लागतं.

म्हणून ‘नाही’ तीनच गोष्टींसाठी राखून ठेवा. पहिली, जिवाला धोका असेल तिथे: विस्तव, वीज, पाणी, उंची, रस्ता. दुसरी, दुसऱ्याला इजा होत असेल तिथे, मग ते माणूस असो की मांजर. तिसरी, जी वस्तू मोडली तर कुणाचं तरी अडेल तिथे: आजोबांचा चष्मा, औषधं, ताईची वही. बाकी सगळ्यांसाठी वस्तू हलवा, जागा बदला किंवा होऊ द्या.

हा ‘नाही’ सांगायचीही रीत आहे. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं या वयात पोचत नाही. उठून जवळ जा, खाली बसा, डोळ्यांत पाहा, हात धरा आणि तीन-चार शब्दांत सांगा. “गॅस गरम. हाय होईल.” बस. नंतर त्याला तिथून उचला. प्रवचन नको.

आणि शक्य तिथे काय करायचं ते सांगा. मराठीत ‘नको’ हा शब्द क्रियापदाच्या मागून येतो. “पाणी सांडू” इथपर्यंत ऐकेस्तोवर पेला कलंडलेला असतो. त्यापेक्षा “पेला दोन हातांनी धर” म्हणा. “धावू नको” ऐवजी “माझं बोट धर”. “माऊला ओढू नको” ऐवजी त्याचा हात आपल्या हातात घेऊन मांजराच्या पाठीवर फिरवा आणि म्हणा, “असं. हळू.” हाताला मिळालेला धडा कानाला मिळालेल्या धड्यापेक्षा जास्त टिकतो.

आधी घर आवरा

एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून घर पाहा. लोंबणारी इस्त्रीची वायर, टेबलावरून खाली आलेला कापडाचा कोपरा, हाताशी येणारा गॅसचा रेग्युलेटर, पलंगाखालचा फिनाइलचा डबा, टीव्हीच्या ट्रॉलीचे चढायला सोयीचे कप्पे. उभं राहून यातलं काही दिसत नाही. उंच कपाट भिंतीला पट्टीने पक्कं करा. मूल खणांवर पाय देऊन चढलं की रिकामं कपाटही अंगावर येतं.

मग घरात त्याच्या हक्काच्या चार जागा करा. स्वयंपाकघरात अगदी खालचा एक खण त्याचा. त्यात प्लॅस्टिकचे डबे, झाकणं, लाकडी चमचे, स्टीलच्या दोन वाट्या. तुम्ही ट्रॉली उघडता, तोही उघडेल. कणीक मळताना लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या आणि जुनं पोळपाट समोर ठेवा. त्याची पोळी काळी होईल, होऊ द्या. तुमच्या दहा पोळ्या शांतपणे होतील. गच्चीत किंवा न्हाणीघरात परातीत दोन बोटं पाणी, एक गाळणी, एक पेला. तुम्ही शेजारी बसलेल्या, आणि खेळ संपला की परात लगेच पालथी. चौथी जागा रेघोट्यांची. जुन्या दिनदर्शिकेची पानं कोरी बाजू वर करून भिंतीला चिकटवा, त्याच्या छातीएवढ्या उंचीवर. जाड खडू द्या. रेघ कागदाबाहेर गेली तर ओलं फडकं त्याच्याच हातात द्या. पुसणं हाही त्याला खेळच वाटतो.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मॉंटेसरी शिक्षणपद्धतीची युरोपातली साधनं गरीब घरांतल्या मुलांसाठी कुठून आणायची? मग शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. आज आपल्या फ्लॅटमध्ये शिंपल्यांच्या जागी डब्याची झाकणं असतात, एवढाच फरक.

रोजच्या काही खोड्या

*फेकणं.* मुलाला फेकायचंच असतं, प्रश्न काय आणि कुठे याचा आहे. पायमोज्यांचे गोळे करा आणि कपड्यांची बादली समोर ठेवा. “चेंडू बादलीत. वाटी नाही फेकायची.” जेवताना चमचा एकदा उचलून द्या. दुसऱ्यांदा फेकला तर “झालं जेवण” म्हणून शांतपणे ताट उचला. तासाभराने पुन्हा विचारा. दोन घास कमी गेले म्हणून मूल उपाशी राहत नाही.

*चावणं आणि मारणं.* बहुतेकदा दात येत असतात, फार गर्दी झालेली असते किंवा खेळणं हिसकावलं गेलेलं असतं आणि “माझं आहे” म्हणायला शब्द नसतो. ज्याला चावलं त्याच्याकडे आधी जा, त्याला जवळ घ्या. मग चावणाऱ्याला म्हणा, “चावायचं नाही. बाळाला लागलं.” त्याला उलट चावून दाखवू नका. “कसं लागतं ते कळू दे” असं कित्येक जण सांगतात, पण मूल त्यातून एवढंच शिकतं की मोठी माणसंही चावतात. चिडल्यावर म्हणायला त्याला एक शब्द द्या, “माझं!” किंवा “दे!”. शब्द रुजला की दात मागे राहतात.

*डबे आणि पसारा.* पसारा मोठा झाला की मुलाला कुठून सुरुवात करायची ते समजत नाही. “आवर सगळं” याऐवजी “लाल गाडी डब्यात” म्हणा. मग “आता निळी”. एक वस्तू, एक वाक्य. पाच वस्तू त्याने ठेवल्या तर बाकीच्या तुम्ही ठेवा, आणि त्याने ठेवलेल्या पाचांचं नाव घेऊन कौतुक करा.

*मोबाइल.* मुलाच्या हातातला मोबाइल ओढून घेतल्यावर होणारी आदळआपट ही आपण लावलेल्या सवयीची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन मुळीच नको, दोन वर्षांपर्यंत तिच्यासमोर बसवून ठेवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर उत्तमच. आधी जेवणाच्या वेळचा मोबाइल सोडवा. पहिले चार दिवस ओरडा होईल, पाचव्या दिवशी कमी होईल. त्या चार दिवसांत घरातल्या मोठ्यांनीही ताटावर बसताना आपापले फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला हवेत. मूल आपल्या सांगण्यापेक्षा आपल्या हाताकडे जास्त पाहतं.

मेन रोडवर लोळण घेतली की

दिवाळीच्या आधी नाशिकच्या मेन रोडवर किंवा बुधवारच्या बाजारात हे दृश्य हमखास दिसतं. फुग्यासाठी मूल रस्त्यावर आडवं झालेलं, आई लाल झालेली, चार माणसं पाहत उभी. त्या आईला मी सांगेन, की त्या चार माणसांकडे पाहू नका. ती दहा मिनिटांत घरी जातील. तुमचं नातं या मुलाशी आहे.

आधी त्याला उचलून दुकानाच्या पायरीवर, गर्दीपासून बाजूला घ्या. आवाज खाली आणा. त्याच्या मनात जे आहे त्याला शब्द द्या: “तुला फुगा हवा होता. राग आला.” समजावून सांगायची ही वेळ नसते. रडण्याच्या भरात मुलाचे कान बंद असतात. तुम्ही शांत, जवळ, पण फुगा नाही. रडणं ओसरलं की पाणी पाजा, कडेवर घ्या, पुढे चला. “नाही” म्हणून पंधरा मिनिटांनी फुगा दिला, तर पुढच्या वेळी पंधरा मिनिटं रडायचं हे तो शिकला. द्यायचाच असेल तर पहिल्याच मागणीला हसून द्या.

बरीचशी आदळआपट मात्र बाजारात पोचण्याआधी टाळता येते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. झोपमोड करून, रिकाम्या पोटी गर्दीत नेलेलं मूल रडणारच. निघण्याआधी पोटभर खायला द्या, पिशवीत केळं ठेवा. आणि खेळ मोडायचा असेल तर आधी सूचना द्या: “अजून दोन घसरगुंड्या, मग घरी.” दोन म्हणजे दोनच.

एका घरात एकच कायदा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे आई-बाबा, दिवसभर मूल आजी-आजोबांजवळ, हे आपल्या गावातल्या कित्येक घरांचं चित्र आहे. आजीकडे साखर मिळते, आईकडे मिळत नाही. बाबा ओरडतात, आजोबा पाठीशी घालतात. यात मूल खोडकर झालेलं नसतं, त्याने फक्त घराचा नकाशा वाचलेला असतो.

एका रविवारी मूल झोपल्यावर सगळ्यांनी बसा आणि ते तीन ‘नाही’ ठरवा. कागदावर लिहून फ्रिजवर लावा. या तिन्हींच्या बाबतीत सगळ्यांचं उत्तर एक. बाकी गोष्टींत आजीच्या राज्यात आजीचा कायदा चालू द्या, त्याने काही बिघडत नाही. सुनेने सासूला किंवा सासूने सुनेला मुलासमोर टोकू नये, हे मी स्वतः फार उशिरा शिकले. टोकायचं ते रात्री, दार लोटून.

आणि धाक दाखवणं सोडा. “बागुलबुवा येईल”, “पोलीस नेतील”, “डॉक्टर सुई टोचतील”, “बाबांना येऊ दे मग बघ”. हरवल्यावर ज्या पोलिसाकडे जायचं, आजारपणात ज्या डॉक्टरांच्या मांडीवर बसायचं, पाळी संपवून दमून आलेल्या ज्या बाबांच्या गळ्यात पडायचं, त्यांचीच भीती आपण कशाला पेरायची?

जिथे खोडी जिवावर बेतते

आता जरा ठामपणे बोलते. आपल्या नाशिकच्या घरांत आणि मळ्यांत काही धोके खास आपले आहेत.

द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल घरोघरी घड येतात आणि मुलं ते तोंडात कोंबतात. अख्खं द्राक्ष गोल, मऊ आणि निसरडं असतं. लहान मुलाच्या श्वासनलिकेत ते बुचासारखं घट्ट बसतं. म्हणून पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरा, पुन्हा उभं चिरा, चार फोडी करून द्या. आडवं कापलं तर गोल चकती होते, ती तितकीच धोक्याची. शेंगदाणे, फुटाणे, चिवड्यातलं डाळं आणि खोबऱ्याचे काप या वयात नकोतच. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण असतं. मुलाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, गोळ्या, उसाचे करवे ओतले जातात आणि लहानगी ते वेचून तोंडात टाकतात. कौतुकाचा हा सोहळा करावाच, पण त्यात चुरमुरे आणि बिस्किटं ठेवा. गोळ्या आणि बोरं मोठ्या मुलांच्या पिशवीत जाऊ द्या. तोंडात घास असताना मुलाला धावू देऊ नका, हसवू नका.

घशात अडकलं आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या. आवाज, श्वास बंद झाला तर वेळ घालवू नका. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा. निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच धक्के. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर धक्के देऊ नका, त्याला उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी दाब द्या. थापा आणि धक्के आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करावा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हे एकदा डॉक्टरांकडून किंवा प्रथमोपचाराच्या वर्गात प्रत्यक्ष शिकून घ्या.

शेततळं आणि बादली. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेला शेततळं असतंच. प्लॅस्टिकचं अस्तर इतकं निसरडं असतं की पोहणारा मोठा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. चहूबाजूंनी जाळी, फाटकाला कुलूप आणि आत दोर बांधून ठेवलेला असायलाच हवा. घरात बादली, टब, पिंप. एक वीत पाण्यात डोकं खाली गेलं तर या वयाच्या मुलाला स्वतःला वर काढता येत नाही. वापरून झालं की बादली पालथी, न्हाणीघराला बाहेरून वरची कडी.

थंडी. निफाडला थंडीत पारा बऱ्याचदा राज्यात सगळ्यांत खाली जातो. मग बादलीत हीटिंग रॉड लावून आपण दुसऱ्या कामाला लागतो. जिथे रांगतं-चालतं मूल आहे तिथे रॉड नको. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका.

औषधं आणि बाटल्या. फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधी, कधीच भरून ठेवू नका. मुलाने ते किंवा रॉकेल, फिनाइल प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. रिमोट आणि खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच दवाखान्यात जा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं.

गर्दी. रामकुंडावर, रंगपंचमीच्या रहाडीपाशी (रंगाच्या हौदापाशी) किंवा २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात मुलाला नेणार असाल तर घरातून निघतानाच त्याच कपड्यांत त्याचा फोटो काढा. त्याच्या खिशात तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. पाण्याच्या कडेला मूल कडेवर, आणि ते कुणाच्या कडेवर आहे हे दोघांनी तोंडाने बोलून ठरवलेलं असावं. “मला वाटलं तुझ्याजवळ आहे,” या एका वाक्याने मुलं हरवतात.

मारावं का?

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत. त्यात एक प्रसंग आहे. अंघोळीनंतर श्यामचा हट्ट, की ओल्या तळव्यांना माती लागता कामा नये. आई त्याच्यासाठी धोंडीवर आपल्या लुगड्याचा ओचा पसरते आणि तो त्यावर पाय ठेवतो. मग ती त्याला सांगते, की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. श्याम काही तान्हा नव्हता, पण रीत पाहा. हट्ट निरुपद्रवी होता, तो तिने पुरवला. आणि मुलाचं मन उघडं होतं त्याच क्षणी तिने सांगायचं ते सांगितलं.

त्याच पुस्तकात पोहायला नको म्हणून लपून बसलेल्या श्यामला आईने शिंपटीने मारल्याचाही प्रसंग आहे. तो काळ तसा होता आणि त्या माऊलीच्या मायेबद्दल कुणाला शंका नाही. पण आज आपल्याला माहीत आहे, की दोन वर्षांच्या मुलाला फटक्यातून फक्त फटका कळतो, कारण कळत नाही. तो पुढे धाकट्या भावंडाला मारतो ते आपल्यालाच पाहून.

हात उगारला जाईल इतका राग आला तर मुलाला सुरक्षित जागी ठेवा, दुसऱ्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा. एकटीने मूल वाढवणाऱ्या, रात्री न झोपलेल्या आईला राग येणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि ओरडून झालं असेल तर नंतर जवळ घेऊन म्हणा, “आई रागावली. चुकलं आईचं.” मग मुलालाही पुढे आपली चूक कबूल करता येते.

डॉक्टरांना केव्हा दाखवायचं

बहुतेक खोडी वयाबरोबर ओसरते. पण मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं अचानक थांबलं असेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” म्हणून थांबू नका. माती, भिंतीचे पोपडे, पाटीची पेन्सिल सतत खात असेल तर रक्ताची तपासणी करून घ्या, बऱ्याचदा मागे लोहाची कमतरता असते. नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी किंवा बी गेलेली असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, त्या दिवशी मूल हजर ठेवा आणि मनातली शंका तिथे बोलून दाखवा.

आता पुन्हा आमच्या बाळकृष्णाकडे येते. त्या दिवशी सूनबाई रागावल्या नाहीत, मीही नाही. मी देव्हारा उंच नेला नाही, दाराला कडी लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला, ताम्हण नातवाच्या पुढ्यात ठेवलं आणि पळी त्याच्या हातात दिली. पहिल्या दिवशी अर्धं पाणी माझ्या पदरावर पडलं. आठवडाभरात धार ताम्हणात पडू लागली. आता अंघोळ झाली की तो फडक्याने बाळकृष्णाला पुसतो, त्याच्या लोण्याच्या गोळ्यावर बोट ठेवतो आणि मला सांगतो, “आजी, थेव.” मग मी त्याला उचलते आणि तो आपल्या हाताने देवाला जागेवर ठेवतो. त्यानंतर आमच्या देव्हाऱ्यातून काही हरवलं नाही.